मशीन शॉपमध्ये कामाप्रमाणे आणि अनुभवाप्रमाणे रास्त पगार कसा ठरवावा?

शिरोलीकर (प्रश्न)

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचे मशीन शॉप आहे. आसपासच्या फौंड्र्यांकडून ग्रे आयर्न आणि एसजी आयर्नची कास्टिंग (ओतीव लोखंडाचे भाग) येतात आणि आम्ही सीएनसी व व्हीएमसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर, त्यांचे मशीनिंग करून देतो. कामावर ३४ माणसे आहेत. दीड वर्षापूर्वी वडिलांनी कारभार माझ्याकडे सोपवला. यंदा दिवाळीनंतर पगारपत्रक पुढे घेऊन बसले, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली: कोणाचा पगार किती हे मला ठाऊक होते, पण तो तेवढाच का हे सांगता येत नव्हते. ज्याने मागितले त्याला वाढ मिळाली, जो गप्प राहिला तो मागे पडला. नवीन माणूस घेताना आधीच्या ठिकाणचा पगार विचारायचा आणि त्यावर दोन-तीन हजार चढवायचे, एवढीच आमची रीत होती.

त्यातून काय झाले आहे, याची दोन उदाहरणे देते. आमच्याकडे ११ वर्षे असलेल्या सेटरला, म्हणजे नव्या कामासाठी मशीन लावून देणाऱ्या कारागिराला, २३,५०० रुपये मिळतात. मागच्या वर्षी चाकणहून परत आलेल्या, तीन वर्षांचा अनुभव असलेल्या सेटरला आम्ही २६,००० दिले, कारण त्याशिवाय तो येत नव्हता. दुसरे उदाहरण सांगताना मला अधिक अवघडल्यासारखे होते. क्वालिटी विभागात एक मुलगी आणि एक मुलगा आहेत. दोघांचा डिप्लोमा एकाच वर्षीचा आहे, दोघेही तेच बोअर गेज आणि तोच मायक्रोमीटर वापरतात आणि दोघांच्याही सहीने माल बाहेर जातो. तिला १७,००० आणि त्याला २०,००० मिळतात, कारण ती आधी एका लहान वर्कशॉपमध्ये कमी पगारावर होती.

आता मला प्रत्येक कामासाठी किमान आणि कमाल पगाराची एक पट्टी ठरवायची आहे. त्यासाठी ओळखीच्या कारखानदारांकडून व्हीएमसी ऑपरेटरच्या पगाराचे नऊ आकडे गोळा केले: १७, १८, १९, २०, २१, २२, २३, २४ आणि ३८ हजार. नोकरीच्या जाहिरातींत ‘१८,००० ते ३५,०००’ असे लिहिलेले असते, त्यावरून काहीच हाती लागत नाही. माझे प्रश्न असे आहेत: या आकड्यांतून रास्त पट्टी कशी काढायची, अनुभवाच्या प्रत्येक वर्षाला किती वजन द्यायचे, आणि आधीच झालेला अन्याय कसा दूर करायचा? आमचे शॉप लहान असल्यामुळे सल्लागार नेमणे परवडणारे नाही. पण ही गोष्ट अंदाजाने करायची माझी इच्छा नाही.

हजेरीपट

ताई, मी पिंपरी-चिंचवड पट्ट्यात तीस वर्षे कार्मिक विभागात काम करून निवृत्त झालो आहे. आपला प्रश्न वाचून समाधान वाटले, कारण बहुतेक ठिकाणी हा प्रश्न माणूस सोडून गेल्यावरच विचारला जातो.

आपल्या नऊ आकड्यांची सरासरी २२,४४४ येते. ते सगळे ओळीने लावले तर मधला, म्हणजे पाचवा आकडा २१,००० आहे. एकट्या ३८ हजारांमुळे सरासरी या मधल्या आकड्यापेक्षा जवळजवळ दीड हजारांनी वर ओढली गेली आहे. म्हणून पगाराची तुलना करताना सरासरी न धरता मधला आकडा धरावा. मात्र तोही लगेच वापरू नका, कारण हे नऊ आकडे एकाच मापाने मोजलेले आहेत का, हे अजून आपल्याला माहीत नाही.

समजा, एखाद्या पुरुष कामगाराचा एकूण मासिक पगार २५,००० आहे आणि भविष्य निर्वाह निधी त्यातल्या १५,००० एवढ्या रकमेवर कापला जातो. त्याच्या वाट्याचे १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये जातात, शिवाय व्यवसाय कराचे २०० जातात. हातात २३,००० येतात. मालकाच्या बाजूने निधीचे १,८०० असतात, निधीचे प्रशासन शुल्क आणि निधीशी जोडलेला ठेव संलग्न विमा मिळून आणखी १५० असतात, आणि ग्रॅच्युइटीसाठी महिन्याला सुमारे ७२१ बाजूला ठेवावे लागतात. मालकाचा एकूण खर्च २७,६७१ होतो. आता हा कामगार मित्राला २३ सांगतो, पगारपत्रकावर २५ असतात आणि मालक दुसऱ्या मालकाला ‘मला पावणेअठ्ठावीस पडतात’ असे सांगतो. पगार एकच असूनही बाजारात त्याचे तीन आकडे फिरत राहतात. तेव्हा प्रत्येकाला फोन करून हा आकडा हातात येणारा आहे, एकूण पगार आहे की मालकाचा खर्च आहे, हे आधी विचारा.

दुसरा प्रश्न तासांचा आहे आणि माझ्या अनुभवात खरी फसगत तिथेच होते. पुष्कळ लहान शॉपमध्ये बारा तासांची पाळी चालते आणि त्या सगळ्या तासांचा मिळून पगार सांगितला जातो. महिन्याला २६ दिवस बारा तासांप्रमाणे ३१२ तास होतात, त्यांपैकी २०८ नेहमीचे आणि १०४ जादा. जादा कामाला दुप्पट दर द्यावा लागतो. जुन्या कारखाने कायद्यातही तसेच होते आणि नव्या वेतन संहितेतही तसेच आहे. दुप्पट दराने १०४ तासांचे २०८ होतात. म्हणजे बारा तासांचे जे २४,००० सांगितले जातात, त्यांतला आठ तासांचा पगार नेमका निम्मा, १२,००० असतो. मालक जादा तासांना साधाच दर देत असेल तर तो १६,००० ठरतो, पण मग तो कायदा मोडत आहे. महिन्याला १०४ तास जादा काम घेणेही नियमात बसत नाही, कारण तिमाहीच्या जादा तासांवर मर्यादा आहे. अशा आकड्याशी आपल्या आठ तासांच्या पगाराची तुलना केली तर आपण विनाकारण स्वतःला कमी देणारे समजाल, किंवा त्याच्याशी स्पर्धा करायला जाऊन स्वतःच बारा तासांची पाळी सुरू कराल. दुसरा धोका मला अधिक गंभीर वाटतो.

खालची सीमा किमान वेतनाने ठरते. महाराष्ट्रात ते उद्योग, परिमंडळ आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गवारीप्रमाणे जाहीर होते आणि त्यावरचा विशेष भत्ता महागाई निर्देशांकाप्रमाणे जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. त्यामुळे एकदा पाहून ठेवलेला आकडा सहा महिन्यांनी पुन्हा पाहावा लागतो. किमान वेतन दिले म्हणजे रास्त पगार दिला, असे मात्र समजू नये. त्याच्या खाली जाणे हा गुन्हा आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

पट्टी आखताना २१,००० या आकड्याकडे विशेष लक्ष द्या. राज्य कामगार विमा योजनेची मर्यादा २०१७ पासून तीच आहे. २०,८०० मिळवणाऱ्याला आपण मोठ्या मनाने ५०० वाढवून २१,३०० केले, तर चालू अंशदान काळ (योजनेच्या वर्गणीची मुदत) संपताच तो योजनेबाहेर जातो. त्याच्या पगारातून कापले जाणारे पाऊण टक्का, म्हणजे दीडशेच्या आसपास रुपये वाचतात, पण त्याच्या आणि कुटुंबाच्या दवाखान्याचा आधार जातो. घरात कोणाचे एक ऑपरेशन निघाले की त्या वाढीचा काही उपयोग राहत नाही. म्हणून एक पट्टी २१,००० ला संपवावी आणि पुढची चांगले अंतर ठेवून सुरू करावी. जे त्या रेषेपलीकडे जातील त्यांच्यासाठी गट आरोग्य विमा काढावा आणि त्याचा हप्ता आपण भरावा.

क्वालिटीतल्या मुलीबद्दल एकच सांगतो. सारख्या कामाला सारखे वेतन हे १९७६ च्या कायद्यापासून बंधनकारक आहे आणि वेतन संहितेतही ते कायम आहे. तिचा आधीचा पगार कमी होता हे कायद्यापुढे कारण ठरत नाही. बाकीच्या दुरुस्त्या टप्प्याटप्प्याने केल्या तरी चालतील, पण ही येत्या पगारालाच करावी.

दुसरी_पाळी

ताई, मी स्वतः सेटर आहे. हातकणंगल्याच्या आयटीआयमधून मशिनिस्ट होऊन चाकणला चार वर्षे काम केले आणि आता परत इकडे आलो आहे. वरचा सगळा हिशेब बरोबर आहे. अनुभवाच्या वर्षांबद्दल आम्हा कामगारांच्या बाजूने काही लिहावेसे वाटले.

कामगाराची वर्षे मोजून पगार ठरवू नका. त्याच्यावर मशीन सोपवून माणूस किती निर्धास्त जाऊ शकतो, ते मोजा. आमच्या कामात मला चार पायऱ्या स्पष्ट दिसतात. पहिल्या पायरीवरचा मुलगा जॉब (मशीनिंग करायचा भाग) लावतो, मशीनची सायकल सुरू करतो, गेज लावून पाहतो आणि माप सरकले की हाक मारतो. दुसऱ्या पायरीवरचा माप सरकलेले पाहून स्वतः ऑफसेट (मशीनला मापाची दुरुस्ती) देतो, इन्सर्ट (टूलचे कापणारे टोक) बदलतो आणि बदलल्यावर पहिला जॉब मोजल्याशिवाय पुढे जात नाही. तिसरा म्हणजे सेटर. तो नवीन ड्रॉइंग हातात घेऊन फिक्श्चर (जॉब पकडून ठेवणारा साचा) बांधतो, शून्य (मोजमापाचा आरंभबिंदू) घेतो, प्रोग्राममध्ये लागेल ती दुरुस्ती करतो आणि पहिला जॉब पास करून मशीन ऑपरेटरच्या हवाली करतो. चौथा ड्रॉइंगवरून प्रोग्राम स्वतः लिहितो, कोणते टूल कोणत्या वेगाने चालवायचे ते ठरवतो आणि सायकल टाइम (एका जॉबला लागणारा वेळ) कमी करून दाखवतो. पहिल्या पायरीवरून दुसरीवर यायला शिकवणारा चांगला असेल तर वर्ष पुरते आणि शिकवणारा कोणी नसेल तर पाच वर्षेही पुरत नाहीत. म्हणून ‘पाच वर्षांचा अनुभव’ एवढ्यावरून माणूस कोणत्या पायरीवर आहे ते कळत नाही.

याचा अर्थ वर्षांना किंमत नाही असा मात्र करू नका, कारण तसे केले तर तुमच्या अकरा वर्षांच्या सेटरवर आणखी अन्याय होईल. एकाच पायरीवर राहूनही माणूस पुष्कळ शिकतो. कास्टिंगमध्ये कुठे ब्लो होल (आतली पोकळी) निघेल, कोणत्या फौंड्रीचा माल कडक येतो, कोणत्या मशीनचे स्पिंडल गरम झाल्यावर बोअर किती मायक्रॉन सरकते, हे कोणत्याही ड्रॉइंगवर लिहिलेले नसते. तुमच्या शॉपमधल्या मशीनची आणि मालाची ही माहिती त्या सेटरकडे आहे आणि चाकणहून आलेल्याकडे नाही. ती आहे म्हणूनच रात्रपाळीला तुम्हाला कोणी फोन करून उठवत नाही. ती माहिती दिसत नाही, कारण तिच्यामुळे जे टळते ते रिजेक्शनच्या रजिस्टरला लागतच नाही.

पायरी ठरवायची असेल तर मुलाखतीत गप्पा न मारता दोन तास मशीनवर उभे करा. ड्रॉइंग द्या, कोरा जॉब द्या आणि तो आधी काय तपासतो ते पाहा. मी चाकणला गेलो तेव्हा आधीच्या पगाराची स्लिप मागितली गेली आणि कोल्हापूरचा पगार पाहून मला दुसऱ्या पायरीचा पगार दिला, काम मात्र पहिल्या महिन्यापासून सेटिंगचे दिले. ते भरून काढायला मला अडीच वर्षे लागली. ज्याच्या हाती मशीन देतो त्याचे काम न पाहता मागची स्लिप पाहणे मला आजही अपमानाचे वाटते.

चाकणच्या पगाराची भीती बाळगू नका. तिथे मला इथल्यापेक्षा ६,००० जास्त मिळत होते. त्यातून खोलीचा माझा वाटा ३,००० आणि खानावळीचे ३,५०० जात होते, महिन्याला एकदा गावी येण्याजाण्याचे वेगळे. घरी राहून मिळणाऱ्या पगारापेक्षा जास्त असे हातात काहीच उरत नव्हते. पण तिथे आठ तासांनंतर थांबलो तर जादा तासांचे दुप्पट पैसे वेगळ्या ओळीत दिसत होते, आणि वाढ कधी, किती होणार हे आधी माहीत होते. इकडची मुले पैशांएवढीच त्यासाठीही तिकडे जातात. हे तुम्ही इथे दिलेत तर अडीचशे किलोमीटर दूर राहायला कोण जाईल?

करारनामा

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे. मोठ्या कारखान्यांच्या आकड्यांबाबत एक सावधगिरी सुचवतो, कारण मी कामगार संघटनेच्या बाजूने वाटाघाटींना बसलेलो आहे.

वर्तमानपत्रांत ‘अमुक कंपनीत इतक्या हजारांचा वेतन करार’ असे येते आणि लहान कारखानदार धास्तावतात. ती रक्कम बहुधा तीन वर्षांच्या मुदतीत टप्प्याटप्प्याने मिळायची असते. शिवाय तीत भविष्य निर्वाह निधीतली वाढ, विमा, कॅन्टीन, बस अशा अप्रत्यक्ष बाबीही धरलेल्या असतात. पहिल्या महिन्यात कामगाराच्या हाती त्यातला बराच लहान भाग येतो. त्याच कारखान्यात कंत्राटी आणि शिकाऊ कामगारांचे पगार पूर्णपणे वेगळे असतात आणि ते बातमीत येत नाहीत. शिरोलीतला मुलगा चाकणला गेला तर बहुतेक वेळा या दुसऱ्या वर्गात शिरतो. तेव्हा आपली तुलना त्या आकड्याशी करावी.

करारातून घेण्यासारखी एक पद्धत मात्र नक्की आहे. वाढीचे दोन भाग करावेत. महागाईपोटीचा भाग सगळ्यांना सारख्या रुपयांत द्यावा, कारण तेल आणि डाळ सेटरला आणि हेल्परला एकाच भावाने मिळते. कौशल्यापोटीचा भाग पायरीप्रमाणे वेगळा द्यावा. सरसकट दहा टक्के वाढवले की वरच्याला चार हजार आणि खालच्याला दीड हजार मिळतात, आणि काही वर्षांत कोणीही न ठरवता दरी वाढलेली असते.

शिरोलीकर

आपण तिघांनी इतके बारकाईने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. गेल्या दोन आठवड्यांत जे केले ते इथे मांडते, म्हणजे चुकत असेल तर सांगता येईल.

नऊही ठिकाणी पुन्हा फोन केले. ३८ हजारांचा ‘ऑपरेटर’ प्रत्यक्षात प्रोग्रामर निघाला, म्हणून तो आकडा बाजूला काढला. २२, २३ आणि २४ हजार हे तिन्ही बारा तासांचे निघाले. तेही काढले, कारण दुप्पट दराने उलटा हिशेब केल्यावर ते ११ ते १२ हजारांवर येत होते आणि तशा पगाराशी मला तुलनाच करायची नाही. १७ हजारांचा आकडा हातात येणारा होता. कपात मिळवल्यावर तो सुमारे १९,१५० झाला. उरलेले पाच आकडे १८,०००, १९,०००, १९,१५०, २०,००० आणि २१,००० असे आहेत. मधला १९,१५० येतो. म्हणजे ज्या २१ हजारांना मी बाजारभाव समजत होते, तो आठ तासांच्या मापाने जवळजवळ दोन हजारांनी कमी निघाला. पाच आकडे थोडे आहेत हे मला कळते. पण आता या प्रत्येक आकड्यामागे किती तास आणि कोणते काम आहे हे मला ठाऊक आहे.

दुसरी_पाळी यांच्या चार पायऱ्या मी कागदावर लिहिल्या आणि आमच्या सुपरवायझरबरोबर बसून प्रत्येक माणसासाठी एकच प्रश्न विचारला: याला एकट्याला सोडून आपण कोणते काम निर्धास्तपणे करवून घेतो? तीन नावांवर आमचे मतभेद झाले, तेव्हा त्या तिघांना मशीनवर काम देऊन पाहिले. त्यांतला एक, ज्याला आम्ही सहा वर्षे साधा ऑपरेटर समजत होतो, तो फिक्श्चर बांधून पहिला जॉब पास करून मोकळा झाला. त्याला कोणी कधी विचारलेच नव्हते. मला त्या दिवशी फार वाईट वाटले.

आठ तासांच्या एकूण पगाराच्या पट्ट्या सध्या अशा ठरवल्या आहेत. पहिली पायरी १६,००० ते १८,५००, दुसरी १८,५०० ते २१,०००, सेटर २४,००० ते ३१,००० आणि प्रोग्रामर ३२,००० ते ४२,०००. वरच्या दोन पायऱ्यांचे आकडे वेगळे गोळा केले होते, तेही याच पद्धतीने चाळून. सेटरची पट्टी मुद्दाम रुंद ठेवली आहे, कारण शॉपची माहिती मुरत जाते ती याच पायरीवर आणि इथे वर्षांना जागा हवी. पहिली पट्टी अरुंद ठेवली आहे, कारण तिथे माणूस अडकून राहावा असे मला वाटत नाही. दीड वर्षात तो दुसऱ्या पायरीवर आला नाही तर चूक आमच्या शिकवण्यात आहे का, हे आधी पाहायचे ठरवले आहे.

क्वालिटीतल्या मुलीचा पगार या महिन्यापासून २०,००० केला आणि तसे पत्र दिले. अकरा वर्षांच्या सेटरला २९,००० वर न्यायचे आहे: ३,००० आता आणि २,५०० सहा महिन्यांनी. हे ऐकून ते काही वेळ बोलले नाहीत आणि मग म्हणाले, “नवीन पोराला सव्वीस दिले तेव्हा मी घरी सांगितले नव्हते.” हे वाक्य मला विसरता येत नाही.

सगळ्या दुरुस्त्यांचा भार दरमहा ५८,००० च्या आसपास येतो. तो आम्ही पेलू शकतो, पण एकदम नाही. म्हणून जे पट्टीच्या खाली आहेत त्यांना आधी खालच्या सीमेवर आणायचे आणि पट्टीच्या आतल्या दुरुस्त्या दोन टप्प्यांत करायच्या, असे ठरवले आहे.

एक गुंता मात्र सुटत नाही. आमचे एक टर्नर आहेत, वय ५८. ते वडिलांबरोबर पहिल्या दिवसापासून आहेत आणि साध्या लेथवर काम करतात. त्यांचा पगार ३०,००० आहे. कामाच्या पायरीप्रमाणे ते दुसऱ्या पट्टीत येतात, म्हणजे कमाल मर्यादेच्या ९,००० वर आहेत. बाकीचे कामगार विचारतील तेव्हा मी काय उत्तर द्यावे?

हजेरीपट

ताई, त्यांच्या पगाराला हात लावू नका. कामगाराच्या तोट्याचा सेवाशर्तीतला बदल करायचा तर २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते, पण कायदा बाजूला ठेवला तरी हे करण्यासारखे नाही. ज्या माणसाने पट्टी नसताना तुमच्यावर भरवसा ठेवला, त्याला पट्टी आल्यामुळे नुकसान होता कामा नये. महागाईचा सारखा भाग त्यांना इतरांप्रमाणेच द्या आणि कौशल्याचा भाग पट्टी त्यांच्या पगारापर्यंत येईतोवर थांबवा. हे त्यांना स्वतः भेटून, त्यांचा मान राखून सांगा.

पण त्याआधी एकदा तपासा की ते खरोखर दुसऱ्या पायरीचेच काम करतात का. टूलला धार लावणे, अडलेला जॉब लेथवर वाचवणे, फिक्श्चरच्या पिना आणि बुश तिथल्या तिथे करून देणे, नव्या मुलांना मोजमाप शिकवणे, यांतले काही ते करत असतील तर ते काम आपल्या चार पायऱ्यांत आलेलेच नाही. पायऱ्या सीएनसी आणि व्हीएमसी डोळ्यांपुढे ठेवून बनल्या आहेत. त्या कामाचे पैसे बाहेर मोजावे लागले असते तर किती लागले असते, हे टूलरूमवाल्याला विचारून पाहा. कदाचित त्यांचा पगार जास्त नसून आपली यादी अपुरी असेल.

पट्ट्यांच्या वरच्या-खालच्या सीमा दर वर्षी एकदा पुन्हा तपासा, आणि खालची सीमा जानेवारी आणि जुलैत विशेष भत्ता जाहीर झाल्यावर लगेच. या दोन तारखा चुकल्या तर पहिली पट्टी नकळत किमान वेतनाच्या खाली जाऊ शकते.

दुसरी_पाळी

ताई, एकच विचारायचे राहिले. या पायऱ्या कामगारांना दिसणार आहेत का? नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा जो मागेल त्यालाच मिळेल.

शिरोलीकर

होय. कोणाचा वैयक्तिक पगार लावणार नाही, पण चारही पायऱ्या, प्रत्येक पायरीवर काय यावे लागते ते, आणि पट्टीचे आकडे मराठीत छापून हजेरीच्या मशीनशेजारी लावत आहे. कोणालाही वरच्या पायरीची चाचणी द्यायची असेल तर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सुपरवायझरला सांगायचे, असे त्याखाली लिहिले आहे. टर्नरकाकांशी काल बोलले. फिक्श्चरच्या पिना आणि बुश गेली नऊ वर्षे तेच करतात. बिल कधी बाहेर गेले नाही, म्हणून ते काम कोणत्याच कागदावर नव्हते. पाचवी पायरी टूलरूमची लिहायला घेतली आहे आणि तिच्यात काय काय यावे लागते, ते काकाच सांगत आहेत.